सही केलेला कॉमिक अंक पिवळ्या लेबलपर्यंत कसा न्यावा

चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांनी ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ३०० व्या अंकाच्या दोन प्रतींवर एकाच मार्करने, एका पाठोपाठ एक सही केली असं समजा. पहिल्या सहीच्या वेळी सीजीसीचा, म्हणजे कॉमिक अंकांना स्थितीनुसार ग्रेड देणाऱ्या कंपनीचा, अधिकृत साक्षीदार शेजारी उभा होता, दुसऱ्या सहीच्या वेळी कुणीच नव्हतं. दोन्ही सह्या तितक्याच खऱ्या. पण ग्रेडिंग होऊन आल्यावर पहिल्या प्रतीला पिवळं लेबल मिळेल, आणि दुसरीला सहसा ‘कव्हरवर मार्करने नाव लिहिलेलं’ अशी नोंद असलेलं हिरवं लेबल. दुसरीची सही पुढे कितीही पटवून सांगितली तरी ती साक्षीदारासमोर झाली असं कुणालाच म्हणता येणार नाही.

या छंदात पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकल्यामुळे. आधी अंक तपासायचा, मग गरज असेल तर प्रेस, म्हणजे उष्णता आणि दाबाने सपाट, करायचा, मग सहीची जागा ठरवायची, मग साक्षीदार, मग सही, आणि शेवटी ग्रेडिंग. खाली हाच क्रम ३०० व्या अंकाच्या उदाहरणाने दिला आहे. हा अंक मे १९८८ चा. लेखन डेव्हिड मिशेलिनी यांचं, चित्रं मॅकफार्लेन यांची. व्हेनम हा खलनायक इथे पहिल्यांदा पूर्णपणे दिसतो, म्हणून याला इतकी मागणी.

लेबल आणि ग्रेड

सीजीसी म्हणजे सर्टिफाइड गॅरंटी कंपनी. २००० साली सुरू झालेली ही कंपनी फ्लोरिडातल्या सारासोटाची. अंक तपासून त्याला ०.५ ते १०.० मधला ग्रेड दिला जातो आणि तो कडक प्लास्टिकच्या केसमध्ये सील होतो. अशा सीलबंद अंकाला संग्राहक स्लॅब म्हणतात. निळं लेबल सर्वसाधारण अंकासाठी, पिवळं साक्षीदारासमोर सही झालेल्या अंकासाठी, जांभळं दुरुस्ती केलेल्या अंकासाठी, आणि हिरवं एखाद्या ठळक दोषासह ग्रेड दिलेल्या अंकासाठी. साक्षीदाराविना झालेली सही सहसा याच हिरव्या गटात जाते. निळं लेबल हवं असेल तर तेही मिळतं, पण मग सही म्हणजे कव्हरवरचं लिखाण समजून ग्रेड कापला जातो. पिवळ्या लेबलमध्ये सहीमुळे ग्रेड कमी होत नाही.

सीबीसीएस ही दुसरी कंपनी २०१४ पासून आहे. आधीच झालेली सही जुन्या नमुन्यांशी ताडून पाहण्याची सेवा तिच्याकडे मिळते आणि त्यासाठी लेबलही वेगळं असतं. मरण पावलेल्या कलाकारांच्या बाबतीत हा मार्ग महत्त्वाचा. जॅक कर्बी १९९४ साली गेले, म्हणजे सीजीसी अस्तित्वात येण्याच्या आधीच. त्यांना सही करताना सीजीसीच्या साक्षीदाराने पाहिलेलं असणं शक्यच नाही. स्टॅन ली यांचं निधन नोव्हेंबर २०१८ मधलं. त्यामुळे त्यांच्या साक्षीदारासमोरच्या सह्या भरपूर आहेत, पण त्यांत आता भर पडणार नाही. नमुने ताडून दिलेला निकाल हे तज्ज्ञाचं मत असतं. साक्षीदाराची नोंद म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट. बाजार या दोन्हींची किंमत वेगवेगळी लावतो, आणि ते योग्यच आहे.

अंक निवडताना काय बघायचं

सहीचा खर्च, फॅसिलिटेटरचा, म्हणजे कलाकाराकडून सही करून आणणाऱ्या मध्यस्थाचा, खर्च, ग्रेडिंगची फी आणि दोन्हीकडचं टपाल हे सगळं ९.८ च्या प्रतीला जेवढं लागतं तेवढंच ७.० च्या प्रतीलाही लागतं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबललॅम्प एका बाजूला ठेवा, म्हणजे उजेड कव्हरवर तिरका पडेल. वरून पडणाऱ्या उजेडात दाब आणि लाटा दिसतच नाहीत. अंक हळूहळू तिरपा करत समोरचं कव्हर, मागचं कव्हर, आणि मग स्पाइन, म्हणजे घडीची कड, बघा.

स्पाइनवर पिनांच्या आसपास बारीक आडव्या रेघा असतात, त्यांना टिक म्हणतात. भिंग घेऊन एकच प्रश्न विचारा: रेघेवरची शाई तुटून खालचा पांढरा कागद दिसतोय का? शाई शाबूत असेल तर ती रेघ प्रेसिंगने जवळजवळ नाहीशी होऊ शकते. शाई तुटली असेल तर ती कायमची. अशा पांढऱ्या टिक चार-पाच झाल्या की ९.८ विसरायचं. गडद कव्हरवर त्या जास्त उठून दिसतात. त्यानंतर चारही कोपरे बघा: टोकदार आहेत, किंचित बोथट झालेत की कागदाचे थर सुटलेत? मागचं कव्हर बघायला लोक विसरतात, आणि ग्रेड तिथेच जातो. ढिगात ठेवलेल्या अंकांच्या मागच्या कव्हरवर बोटांचे दाब आणि मळ असतो.

आता अंक अगदी थोडा, नव्वद अंशांपेक्षा कमी, उघडा. पानं मोजा. मधलं पान दोन्ही पिनांना धरून आहे ना, ते पाहा. पिनांवर गंज असेल तर तो कागदात उतरलाय का, हेही बघा. कुपन कापलेलं नाही ना, याची खात्री करा. १९७४ च्या ‘इन्क्रेडिबल हल्क’ १८१ मध्ये वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण भूमिकेत येतो. त्या अंकात छापलेला मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प, म्हणजे कापून जमवायचं छोटं छापील चित्र, अनेक वाचकांनी त्या काळात कापून घेतला. तो नसेल तर अंक बाहेरून कितीही सुंदर असो, हिरवं लेबल किंवा अगदी तळाचा ग्रेड, एवढंच हाती येतं. मूळ वाचकाने कात्री चालवली यात त्याचा दोष नव्हता, पण विकत घेणाऱ्याने ते पान उघडून पाहिलंच पाहिजे.

लपवलेली दुरुस्ती शोधायला तीन गोष्टी पुरतात. पहिली, अतिनील टॉर्च: नंतर भरलेला रंग तिच्या उजेडात आजूबाजूच्या छपाईपेक्षा वेगळा दिसतो. दुसरी, कव्हरची आतली बाजू: काळ्या मार्करने टिक झाकली असेल तर शाई आत झिरपलेली दिसते. तिसरी, फूटपट्टी: १९८० च्या दशकातला अंक साधारण ६ ५/८ इंच रुंद आणि १० १/४ इंच उंच असतो. कड संशयास्पदरीत्या ताजी आणि सरळ दिसत असेल, किंवा माप कमी भरत असेल, तर कड छाटलेली असू शकते. यांपैकी काहीही निघालं तर बहुधा जांभळं लेबल मिळतं, आणि किंमत मोठ्या प्रमाणात उतरते.

३०० व्या अंकाच्या दोन आवृत्त्या आहेत. कॉमिकच्या दुकानांत गेलेल्या प्रतीवर खालच्या चौकटीत चित्र असतं, वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर गेलेल्या प्रतीवर बारकोड. स्टॉलवरच्या प्रती जास्त हाताळल्या गेल्या, उरलेल्या नष्ट झाल्या, त्यामुळे त्यांच्या उत्तम स्थितीतल्या प्रती कमी सापडतात. मार्व्हलने या अंकाची फॅक्सिमिली आवृत्ती, म्हणजे हुबेहूब पुनर्मुद्रणही, काढली आहे. मूळ अंकाची छापील किंमत दीड डॉलर होती. ती किंमत आणि आतल्या पानावरचा बारीक अक्षरांतला प्रकाशन-मजकूर, दोन्ही वाचा.

प्रेसिंग सहीच्या आधीच

प्रेसिंग म्हणजे नियंत्रित ओलावा, उष्णता आणि दाब यांनी कागद सपाट करणं. बोटांचे दाब, हलक्या वळ्या, गुंडाळी आणि शाई न तुटलेल्या टिक यांवर ते काम करतं. फाटणं, शाई तुटणं, डाग आणि हरवलेला कागद यांवर त्याचा उपयोग नाही. सीजीसी याला दुरुस्ती मानत नाही. खोडरबराने कोरडा मळ काढणंही त्यात येत नाही. रंग भरणं, चिकटवणं मात्र दुरुस्तीत मोजलं जातं.

साधारण पद्धत अशी. अंक काही तास दमट पेटीत ठेवून कागद सैल करतात. मग सिलिकॉनच्या न चिकटणाऱ्या कागदांत आणि सपाट बोर्डांत धरून ड्राय-माउंट प्रेसमध्ये ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. नंतर दाब तसाच ठेवून पूर्ण थंड होऊ देतात, शक्यतो एक दिवस. थंड होण्याआधी बाहेर काढला तर कागद परत वळतो. उष्णता जास्त झाली तर चकचकीत कव्हरची झिलई जाते किंवा कव्हर सिलिकॉन कागदाला चिकटतं. ओलावा जास्त झाला तर पानं लहरी होतात आणि पिनांना गंज धरतो. घरातली इस्त्री यासाठी वापरू नका. तिचं तापमान आणि दाब दोन्ही एका बिंदूवर एकवटतात. किमती अंक अनुभवी प्रेसरकडेच द्या.

सहीनंतर प्रेस केलं तर पेंट मार्करची शाई मऊ होऊन कागदाला लागू शकते, सहीवर ठसा उमटू शकतो. शिवाय साक्षीदाराच्या ताब्यातला अंक बाहेर काढून प्रेस करायला नेता येत नाही. प्रेसिंग करायचं असेल तर ते याच टप्प्यावर.

सहीची खिडकी

कलाकार दिवसभरात शेकडो सह्या करतात. त्यांना जागा दाखवली नाही तर सही पात्राच्या चेहऱ्यावर, शीर्षकावर किंवा गडद रंगावर पडते. त्यासाठी अंकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत खिडकी कापतात.

१. अंक बोर्डासह, म्हणजे मागे आधाराला ठेवायच्या पुठ्ठ्यासह, स्वच्छ पिशवीत घाला आणि सही कुठे हवी ते ठरवा. मोकळा, एकसारख्या रंगाचा भाग घ्या. स्पाइनपासून आणि कडांपासून किमान २ सेंटिमीटर लांब राहा, कारण तिथे पेनाचा दाब पडला की नवी टिक येते.

२. पिशवीवर बाहेरून पेन्सिलने किंवा टेपच्या तुकड्यांनी चार कोपरे नोंदवा. बहुतेक सह्यांना ८ बाय ४ सेंटिमीटर पुरतात. त्यात सगळीकडून १ सेंटिमीटर वाढवा.

३. अंक पूर्ण बाहेर काढा. मगच पिशवीत जाड पुठ्ठा घालून ब्लेडने खिडकी कापा. अंक आत ठेवून कापणाऱ्यांची कव्हरं कापली जातात.

४. खिडकीच्या कडांना बाहेरच्या बाजूने मास्किंग टेप लावा. चिकट बाजू आत डोकावत नाही ना, बोट फिरवून पाहा. आत डोकावणारा टेप अंक बाहेर काढताना कव्हरची शाई उचलतो.

५. अंक परत आत घाला. पिशवीवर चिठ्ठी लावा: कोणाची सही, कोणता रंग, ‘फक्त सही’.

‘फक्त सही’ लिहायला विसरू नका. ‘प्रिय अमुक यांना’ असं लिहिलेली सही घरी ठेवायला गोड असते, पण विकताना घेणारे कमी होतात. खिडकी सहीपेक्षा जेमतेम मोठी ठेवली तर पेन प्लास्टिकच्या कडेला घासतं आणि ओली रेघ पसरते. वाढीव १ सेंटिमीटर त्यासाठीच.

पेन

चकचकीत कव्हरवर दोन प्रकार चालतात: बारीक टोकाचा कायमस्वरूपी मार्कर आणि तेलावर आधारित पेंट मार्कर. फिकट भागावर काळा, गडद भागावर चंदेरी किंवा सोनेरी. पेंट मार्कर आधी चांगला हलवा, टोक दोन-तीन वेळा दाबून शाई उतरवा आणि रद्दी कागदावर चार रेघा ओढा. पहिल्या रेघेत थेंब पडतो, तो रद्दीवर पडू दे. साधा मार्कर झिलई नसलेल्या कागदावर पसरतो आणि पातळ कव्हरमधून आत दिसतो. बॉलपेन पूर्णपणे टाळा: ते दाबून लिहावं लागतं, खोबण कायम राहते आणि ती आतल्या पानावरही उमटते.

प्रत्येक रंगाची दोन पेनं न्या. सहीनंतर किमान दहा मिनिटं अंक पिशवीत न घालता आडवा ठेवा. लगेच पिशवीत सरकवलेल्या पेंट मार्करच्या सह्या पुसट होतात, आणि ते पुसणं लेबलवर कायमचं राहतं.

साक्षीदार आणि सही

इथे दोन मार्ग आहेत. कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिकप्रेमींच्या संमेलनात, सीजीसीचं दालन असेल तर रांगेत उभं राहण्याच्या आधी तिथे जा. अर्ज भरा, अंक नोंदवा, आणि साक्षीदार बरोबर आला की मगच कलाकाराच्या टेबलाकडे वळा. सही झाली की अंक साक्षीदाराच्या हातात जातो. तो तुम्ही परत हातात घ्यायचा नाही, बॅगेत ठेवायचा नाही, मित्राला दाखवायला न्यायचा नाही. ताबा एकदा सुटला की पिवळं लेबल गेलं.

दुसरा मार्ग खासगी सही-सत्राचा. अधिकृत फॅसिलिटेटर कलाकाराशी ठरवून सत्र जाहीर करतात, त्यात अंतिम तारीख, प्रत्येक सहीची फी आणि पेनाचे पर्याय दिलेले असतात. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणारा मराठी संग्राहक कॉनला जाऊ शकतो. पुण्यात किंवा मडगावात राहणाऱ्याला हाच मार्ग सोयीचा. अंक पाठवण्यापूर्वी दोन्ही कव्हर, स्पाइन आणि चारही कोपरे यांचे तारखेसह फोटो काढा. इनव्हॉइस, पार्सलची पावती आणि हे फोटो एकत्र ठेवा. परत येताना कस्टम्सने विचारलं तर वस्तू आधीपासून तुमची होती, हे त्यांवरून दाखवता येतं.

कलाकार खिडकीबाहेर सही करू शकतो, पेन नाकारू शकतो, सत्र पुढे ढकलू शकतो. फॅसिलिटेटरच्या अटींमध्ये अशा वेळी फीचं काय होतं ते आधी वाचा.

सहीने किंमत वाढेलच असं गृहीत धरू नका. निर्मात्याची सही, म्हणजे अंकाच्या लेखकाची किंवा चित्रकाराची, सगळ्यात टिकाऊ मागणी ठेवते. जे कलाकार आजही सतत सह्या देतात त्यांच्या बाबतीत पिवळ्या आणि निळ्या लेबलच्या किमतीतला फरक पुष्कळदा खर्चाइतकाच निघतो. जाहिरातीत मागितलेली किंमत बघू नका. प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती बघा, आणि त्याही त्याच ग्रेडच्या, त्याच लेबलच्या.

तयार स्लॅब विकत घेताना

लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक सीजीसीच्या संकेतस्थळावर टाका. नाव, अंक क्रमांक, ग्रेड, पानांचा रंग, सही कोणाची आणि कोणत्या तारखेची, सगळं जुळलं पाहिजे. पण क्रमांक खरा असणं पुरेसं नाही. २०२३ च्या अखेरीस असं उघड झालं की काही स्लॅब उघडून वरच्या ग्रेडच्या लेबलखाली हलक्या प्रती घातल्या गेल्या होत्या. सीजीसीने स्वतः अशा संशयित क्रमांकांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात शेकडो क्रमांक होते.

म्हणून केसच्या आतला अंक स्वतः ग्रेड करा. ९.८ लिहिलेल्या प्रतीवर पांढऱ्या टिक किंवा बोथट कोपरे दिसत असतील तर लेबल काहीही म्हणो, थांबा. केसच्या शिवणींवर पांढुरकेपणा, चिरा किंवा घासल्याच्या खुणा आहेत का, ते पाहा. त्या क्रमांकाचे जुन्या विक्रीतले फोटो मिळाले तर सहीच्या रेघा एकेक करून जुळवा. हाताने केलेल्या दोन सह्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. केसच्या प्लास्टिकवर दिसणारी इंद्रधनुषी वलयं मात्र दोष नाहीत. दोन प्लास्टिकचे थर एकमेकांना टेकल्याने ती दिसतात, अंकाला त्यांचा धोका नाही.

जपणूक

स्लॅब हवाबंद नसतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि ती हळूहळू आत पोहोचते. स्लॅब घट्ट झाकणाच्या पेटीत उभे ठेवा, बरोबर सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४५ ते ५० टक्के आर्द्रता आणि वीस अंशांच्या आसपास तापमान उत्तम. ते शक्य नसेल तर निदान चढउतार टाळा. रंग बदलणारं जेल रंग बदललं की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट नको, त्या भिंतीला ओल धरते. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते.

भिंतीवर लावायचा असेल तर उन्हापासून दूर लावा. छापील लाल आणि पिवळा लवकर उडतो, आणि मार्करची सही त्याहून आधी फिकी पडू शकते.

पाठवताना स्लॅब आधी पिशवीत, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, मग बबल रॅपमध्ये, आणि शेवटी दोन खोक्यांत ठेवा, सगळीकडून ५ सेंटिमीटर भराव. हादऱ्याने अंक केसच्या आत सरकून कोपरे आणि स्पाइन दुखावतात, बाहेरची केस मात्र धडधाकट दिसते. पार्सल आल्यावर म्हणूनच केसऐवजी अंकाचे कोपरे आधी बघायचे.

बाहेरची केस तडकली आणि आतलं आवरण शाबूत असेल तर ती स्वतः उघडू नका. तशीच पॅक करून रीहोल्डरिंगसाठी, म्हणजे नव्या केसमध्ये बसवून घेण्यासाठी, सीजीसीकडे पाठवा. लेबल आणि ग्रेड कायम राहतो. घरी उघडलेल्या केसमधला अंक पुन्हा साक्षीदाराविना सही झालेल्या अंकाच्या गटात जातो. दुसऱ्या कलाकाराची सही वाढवायची असेल तरी स्लॅब बंदच पाठवायचा. साक्षीदार तो सही होण्याच्या वेळी स्वतः उघडतो आणि दोन्ही सह्या एकाच पिवळ्या लेबलवर येतात.